जपानी हातघडणीची हत्यारं: एवढी किंमत कशाची, आणि सुरुवात कुठून करावी

सुतारकामाचा नाद लागलेल्या माणसाच्या नजरेला कधी ना कधी जपानी पटाशी पडतेच. पातं दोन रंगांचं, मूठ लाल-तपकिरी ओकची, टोकाला लोखंडी कडं. मग किंमत दिसते आणि हात आखडतो. आपल्या बाजारात साधी पटाशी दोन-चारशे रुपयांत मिळते. जपानमधल्या लोहाराच्या हातची तेवढ्याच रुंदीची पटाशी साधारण पाच ते बारा हजार येनांना, म्हणजे तीन ते सात हजार रुपयांना पडते. नामवंत लोहाराचा शिक्का असेल तर याच्या कितीतरी पट.

ही हत्यारं दिलेल्या पैशाला जागतात, असं माझं ठाम मत आहे. मात्र सगळी सारखी जागत नाहीत आणि सगळ्यांच्या हातात जागत नाहीत. तुम्ही मोजलेला जादा पैसा पात्याच्या धारेत असतो, आणि ती धार दगडावर नीट लावता आली तरच तो वसूल होतो. धार लावायला न शिकता महागडी पटाशी घेतली, तर पहिल्या महिन्यातच ती दोनशे रुपयांच्या पटाशीइतकीच बोथट होते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा क्रम असा: आधी दगड, मग एक पटाशी, मग स्वस्तातली करवत, आणि रंधा सगळ्यात शेवटी.

१. पैसा कुठे जातो, ते आधी समजून घ्या

जपानी पटाशी आणि रंध्याचं पातं दोन धातूंचं असतं. धारेच्या बाजूला अतिशय कडक पोलादाचा पातळ थर, त्याला हागाने म्हणतात. त्याच्या पाठीशी मऊ लोखंडाचा जाड थर, तो जिगाने. लोहार लोखंड तापवतो, त्यावर टाकणखार आणि लोखंडाचा कीस यांची पूड भुरभुरतो, वर पोलादाचा तुकडा ठेवतो, पुन्हा भट्टीत घालतो आणि घणाखाली दोन्ही एकजीव करतो. ताव कमी पडला तर जोड धरत नाही. जास्त झाला तर पोलादाची कणी जाड होते आणि पुढे धार भुगाळते. हा अंदाज बरेच लोहार लोखंडाच्या रंगावरून घेतात, आणि रंग नीट दिसावा म्हणून कारखान्यात मुद्दाम अंधार ठेवतात.

जोडल्यावर पातं गवताच्या राखेत पुरून सावकाश निवू देतात. मग आकार देणं, पाठ पोकळ खरवडणं, अंगावर मातीचा पातळ लेप देऊन साधारण ८०० अंशांपर्यंत तापवणं आणि पाण्यात बुडवून पाणी देणं. यात काही पाती तडकतात आणि फुकट जातात. शेवटी हलक्या आचेवर पुन्हा शेकून ठिसूळपणा थोडा उतरवतात. एवढं करून धारेचा कडकपणा रॉकवेल मापावर ६३ ते ६५ पर्यंत जातो. युरोपीय घडणीच्या बऱ्याच पटाश्या ५८ ते ६२ च्या आसपास असतात. आकडे जवळचे वाटतात, पण कामात फरक लगेच कळतो. धार जास्त वेळ टिकते, आणि अधिक बारीक कोनातही दुमडत नाही.

आता अख्खं पातंच एवढ्या कडक पोलादाचं का करत नाहीत? कारण ते घासता घासता जीव जाईल, आणि जरा आडवा ताण आला की मोडेल. मऊ लोखंड धक्का पचवतं आणि दगडावर भराभर झिजतं. घासायच्या रुंदीतला बहुतेक भाग मऊ असल्यामुळे एवढी कडक धारसुद्धा हाताने लावता येते. या सगळ्या घडणीमागचं खरं शहाणपण हेच, आणि पोकळ पाठीतही तेच आहे. पाठ मधून खोलगट असते, त्याला उरा म्हणतात. त्यामुळे सपाट करायला कडेची अरुंद पट्टी आणि धारेमागची रेघ एवढीच उरते. सगळी पाठ कडक पोलादाची आणि सपाट असती, तर ती दगडावर बसवायला तासन्‌तास लागले असते.

पोलादाच्या नावांनी नवखा माणूस फार गोंधळतो. जपानमधल्या बहुतेक चांगल्या हत्यारांचं पोलाद शिमाने प्रांतातल्या यासुगी गावच्या कारखान्यातून येतं. ही कंपनी पूर्वी हिताची मेटल्स होती, २०२३ पासून तिचं नाव प्रोटेरियल आहे. पोलादाच्या जातींना त्यांवर लावलेल्या कागदाच्या रंगांवरून नावं पडली. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद: जवळजवळ निव्वळ कार्बनचं पोलाद, दोन नंबरच्या जातीत कार्बन १.०५ ते १.१५ टक्के. आओगामी म्हणजे निळा कागद: त्यात टंगस्टन आणि क्रोमियमची भर. पांढरं पटकन धरतं आणि फार बारीक धार घेतं. निळं दगडावर जरा हट्टी असतं, पण धार जास्त टिकवतं. सागवानासारख्या लाकडात काम करणाऱ्याने निळं घ्यायला हरकत नाही. पण या नावांवरून भांडत बसू नका. चांगल्या हाताने पाणी दिलेलं पांढरं पोलाद हे घाईने उरकलेल्या निळ्यापेक्षा केव्हाही सरस.

एक मधला प्रकारही बाजारात आहे. पोलाद आणि लोखंड कारखान्यातच जोडून दुपदरी पट्ट्या तयार मिळतात, आणि त्यातून पाती घडवतात. ही पाती वाईट नसतात. स्वस्त जपानी पटाश्यांपैकी बऱ्याच अशाच असतात आणि शिकायला उत्तम असतात. फक्त त्यांना हातजोडीची किंमत देऊ नये.

२. गाव आणि शिक्का वाचायला शिका

सुतारी हत्यारांची दोन मोठी गावं: ह्योगो प्रांतातलं मिकी आणि निगाता प्रांतातलं सान्जो. मिकीच्या किल्ल्याला हिदेयोशी या सेनापतीने १५७८ ते १५८० असा वेढा घातला आणि गाव उद्ध्वस्त झालं. ते पुन्हा उभारायला सुतार आणि लोहार गोळा झाले आणि तिथून हा धंदा वाढला, असं तिथे सांगतात. ओसाकाजवळचं साकाई आणि फुकुई प्रांतातलं एचिझेन ही प्रामुख्याने स्वयंपाकाच्या सुऱ्यांची गावं. जपान सरकारने १९७४ च्या कायद्याखाली या गावांच्या घडणीला पारंपरिक कलेचा दर्जा दिला आहे: एचिझेनला १९७९ मध्ये, साकाईला १९८२, मिकीला १९९६ आणि सान्जोला २००९ मध्ये.

पात्यावरचा शिक्का लोहाराचाच असेल असं धरून चालू नका. साकाईत एक माणूस घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो, आणि शिक्का बहुतेक वेळा घाऊक व्यापाऱ्याचा असतो. त्यात लबाडी नाही, ती तिथली रीत आहे. पण विकणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा: लोहार कोण, पोलाद कोणतं, आणि जोड हातची की तयार पट्टीची? जाणकार विक्रेता एका ओळीत उत्तर देतो. जो फक्त सामुराई आणि तलवारीच्या गोष्टी सांगत राहतो, त्याच्याकडून घेऊ नका.

पात्यावरच्या पाण्याच्या लाटांसारख्या नक्षीचंही असंच. ती दिसायला देखणी असते, पण आज विकल्या जाणाऱ्या नक्षीदार पात्यांपैकी पुष्कळशी कारखान्यात थरावर थर लाटून बनतात. धार त्या नक्षीतून येत नाही, आतल्या पोलादाच्या थरातून येते. पटाशी तर साधी, काळी, बिननक्षीची घ्यावी.

३. पहिला पैसा दगडावर घाला

एक १००० नंबरचा आणि एक ६००० किंवा ८००० नंबरचा पाण्याचा दगड (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), आणि ते दगड सपाट ठेवायला एक डायमंड प्लेट. एवढ्यावर कितीतरी वर्षं निघतात. किंग आणि शाप्टन ही नावं भारतातही ऑनलाइन मिळतात. किंगचा १००० नंबरचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवावा लागतो. शाप्टनच्या दगडावर नुसतं पाणी शिंपडलं की काम होतं. क्योतोच्या डोंगरातले नैसर्गिक दगड फार नावाजलेले आहेत, पण त्यांच्या किमती आणि त्यांची पारख हा स्वतंत्र विषय आहे. आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

दगड वापरता वापरता मधून खोल जातो, आणि खोल दगडावर सपाट धार कधीच येत नाही. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारा आणि सगळ्या पुसल्या जाईपर्यंत डायमंड प्लेट फिरवा. हे प्रत्येक वेळी धार लावायच्या आधी करायचं. कंटाळवाणं आहे हे खरं, पण महाग हत्याराची किंमत इथेच वसूल होते किंवा बुडते.

४. एक पटाशी घ्या, दहाचा संच नको

दहा पटाश्यांचा लाकडी पेटीतला संच मोहात पाडतो. त्यातल्या तीन-चार रोज वापरात येतात, बाकीच्या पेटीतच राहतात. त्याच पैशात अधिक चांगल्या लोहाराच्या दोन सुट्या पटाश्या येतात. सुरुवातीला १२ किंवा १५ मिलिमीटरची, नंतर ६ आणि २४. मागताना ‘ओइरे नोमी’ मागा. ही हातोडीने ठोकायची, सर्वसाधारण कामाची आखूड पटाशी. ‘त्सुकी नोमी’ लांब मुठीची असते, हाताने ढकलून तासायला वापरतात. तिच्या मुठीला कडं नसतं, तिला कधीही ठोकू नये.

हातात आल्यावर तिरप्या धारेकडे नीट पाहा. मऊ आणि कडक धातूंमधली रेघ दिसली पाहिजे. हाताने घडवलेल्यात ती जराशी वेडीवाकडी असते, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हवी. कुठे काळी फट दिसली तर जोड सुटलेला आहे, परत पाठवा. पाठीच्या पोकळीभोवतीची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघा. आणि पातं मुठीच्या सरळ रेषेत आहे ना, तेही डोळ्यासमोर धरून पाहा.

५. नवी पटाशी कामाला लावण्याआधी

पुष्कळ लोकांना हे माहीत नसतं: चांगली जपानी पटाशी बऱ्याचदा अर्धवट तयार अवस्थेत येते. मुठीचं कडं नुसतं वरवर बसवलेलं असतं. तसंच ठोकायला लागलात तर चार दिवसांत कडं निसटतं आणि मूठ चिरते.

मुसळाच्या टोकाला असतं तसंच हे कडं असतं, आणि कामही तेच: मार खाऊन लाकूड फाटू नये म्हणून आवळून धरणं. आधी कडं काढा. त्याच्या आतल्या कडेवर धातूचे टोकदार कंगोरे असतील तर गोल कानशीने घासून मऊ करा, नाहीतर ते मुठीचं लाकूड कापत जातात. मग मुठीचं टोक एखाद्या लोखंडावर आडवं टेकवून, फिरवत फिरवत, हातोडीने हलके ठोका. लाकूड थोडं दबतं आणि कडं खाली सरकायला जागा होते. आता कडं घालून ठोकत खाली न्या, मुठीचं टोक दोन-तीन मिलिमीटर वर उरेपर्यंत. ते उरलेलं टोक जरा ओलं करा आणि कडेकडेने ठोकत लाकडाचे तंतू बाहेरच्या बाजूला वळवा. छत्रीसारखे पसरून ते कड्यावर बसले की कडं पुन्हा हलत नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. पण त्यानंतर मूठ वर्षानुवर्षं लोखंडी हातोडीचा मार सोसते.

पुढचं काम पाठीचं. इथे नवखे हमखास जास्त घासतात. सरळ ६००० च्या दगडावर पाठ सपाट टेकवून दहा-बारा हात फिरवा आणि उजेडात धरा. धारेमागची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चमकत असेल तर झालं, पुढे जाऊ नका. मध्ये कुठे मळकट राहिली असेल तर थोडा वेळ १००० वर घासा आणि पुन्हा पाहा. पाठ जितकी घासाल तितकी पोकळी लहान होत जाते. ही पोकळी म्हणजे पटाशीचं आयुष्य आहे, ती उगाच खर्चू नका.

मग धार. तिरपी बाजू पूर्ण टेकली आहे हे बोटांना जाणवेपर्यंत पटाशी दगडावर अलगद डोलवून पाहा. तिरपा भाग रुंद असल्यामुळे तो स्वतःच दगडावर बसतो, कोन धरायला साधन लागत नाही. बोटांचा दाब धारेजवळ ठेवा. १००० वर घासत राहा, पाठीमागे धातूची बारीक झालर अख्ख्या रुंदीभर बोटाला लागेपर्यंत. झालर सगळीकडे आल्याशिवाय पुढच्या दगडावर गेलात तर सगळी मेहनत वाया जाते. ६००० वर गेल्यावर दोन धातू वेगळे दिसू लागतात. मऊ लोखंड धुकट राखाडी होतं आणि धारेपाशी पोलादाची बारीक पट्टी आरशासारखी चमकते. शेवटी पाठ सपाट टेकवून झालर काढा, आणि दोन्ही बाजू आळीपाळीने हलक्या हाताने फिरवा.

धार आली का ते हातावरचे केस कापून पाहू नका. पाइनसारख्या मऊ लाकडाचं आडकापाचं टोक घ्या आणि त्यावर पटाशी ढकलून पातळ पापुद्रा काढा. कापलेली जागा गुळगुळीत आणि गडद दिसली की धार पक्की. तंतू चुरगळून पांढुरके दिसले तर पुन्हा १००० वर या.

ग्राइंडरला मात्र ही पटाशी कधीही लावू नका. या पोलादाला फार कमी तापमानावर शेकलेलं असतं. धारेवर निळा रंग चढला की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला, आणि लोहाराला दिलेला पैसाही गेला.

६. आपलं लाकूड लक्षात घ्या

ही हत्यारं हिनोकी आणि सुगी या मऊ, सरळ रेषांच्या लाकडांवर वाढली. इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी हिनोकीच्या लाकडात नव्याने उभं करतात, अलीकडे २०१३ मध्ये केलं. आपल्याकडचं सागवान वेगळं आहे. त्याच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, आणि ती कोणतीही धार खाते. शिसव आणि बाभूळ याहून कठीण. एवढ्या कडक आणि बारीक धारेचे अशा लाकडात टवके उडू शकतात.

उपाय सोपा आहे. नव्या पटाशीचा कोन साधारण ३० अंशांचा असतो, तो दोन-तीन अंशांनी वाढवा. शिसवात खोल खाच घ्यायची असेल तर ३५ पर्यंत न्या. अगदी नवं पातं पहिल्या काही धारांपर्यंत जरा ठिसूळ वागतं आणि मग सुधारतं, त्यामुळे पहिल्याच टवक्याला घाबरून लोहाराला नावं ठेवू नका. आणि खाचेतली ढलपी पटाशीने उचकटून काढायची आपल्याकडची सवय इथे पूर्ण सोडा. या धारेला कापायला सांगा, तरफेसारखी वापरू नका. खिळे असलेलं जुनं लाकूड, प्लायवुड, घराच्या दुरुस्तीतली चौकट, या सगळ्याला आपली साधी पटाशीच बरी.

७. करवत स्वस्तातली घ्या

इथे मी ठाम आहे: पहिली जपानी करवत बदलत्या पात्याची घ्या, हातघडणीची घेऊ नका. जपानी करवत ओढताना कापते, म्हणून तिचं पातं पातळ असलं तरी चालतं. सांध्याच्या कामाची दोझुकी तर साधारण ०.३ मिलिमीटरची, पाठीला आधाराची पट्टी लावलेली असते. दोन्ही बाजूंना दात असलेली र्‍योबा एका बाजूने रेषेच्या दिशेने आणि दुसऱ्या बाजूने आडवी कापते. दोन ते चार हजार येनांत मिकीच्या कारखान्यांची उत्तम र्‍योबा येते. झेड-सॉ आणि ग्योकुचो ही तिथली ओळखीची नावं.

हातघडणीची करवत किती तरी पट महाग पडते आणि कापते सुरेखच. पण तिचे दात बोथट झाले की ते लावायला निष्णात माणूस लागतो. जपानमध्येही असे कारागीर आता थोडे उरले आहेत. इथे बसून ती करवत दर वेळी समुद्रापलीकडे पाठवणार का? बदलत्या पात्याचे दात टोकाशी विजेच्या झटक्याने कडक केलेले असतात, तिथे काळसर निळी छटा दिसते. त्यांवर कानस चालत नाही, म्हणून बोथट झाल्यावर पातंच बदलायचं. कठीण लाकडासाठी बारीक दातांचं पातं घ्या, आणि ओढताना जोर लावू नका. गाठीत जोर लावला की दात तुटतात.

८. रंधा घेण्याआधी थांबा

कान्ना, म्हणजे जपानी रंधा, हे या सगळ्यातलं सर्वात मोहक हत्यार. ओकच्या ठोकळ्यात बसवलेलं पातं, ठोकून पुढे-मागे करायचं आणि ओढून चालवायचं. जपानमध्ये पातळात पातळ पापुद्रा काढायच्या स्पर्धा होतात आणि तिथे दहा मायक्रॉनपेक्षाही पातळ पापुद्रे निघतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना करा.

पण विकत घेतलेला कान्ना लगेच असा चालत नाही. पातं ठोकळ्याच्या खाचेत घट्ट पण सारखं बसवायचं असतं. ठोकळ्याचा तळ तासून तो ठरावीक जागीच, समोरच्या टोकाला आणि पात्याच्या तोंडापाशी, लाकडाला टेकेल असा करायचा असतो. दुसरं लहान पातं मुख्य पात्यावर फट न ठेवता बसवायचं असतं. यातलं एक जरी चुकलं तरी लाखाचं पातं लाकूड उपटत जातं. पटाशीला बिनचूक धार लावणं हातात बसल्यावर, सहा महिन्यांनी म्हणा, वर्षाने म्हणा, ७० मिलिमीटर पात्याचा मध्यम किमतीचा कान्ना घ्या. वीस ते चाळीस हजार येनांत मनासारखा मिळतो.

हवामानाकडेही लक्ष द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ठोकळा फुगतो आणि तळाचा सपाटपणा बिघडतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तोच ठोकळा आकसतो. पात्याच्या दोन्ही कडांना खाचेत जरा मोकळी जागा ठेवली नसेल तर आकसलेला ठोकळा पात्यावर आवळतो आणि चिरतो. काम झालं की पातं थोडं सैल करून ठेवा. पातं सैल करताना पात्यावर मारू नका. ठोकळ्याच्या मागच्या टोकावर, डावी-उजवीकडे आळीपाळीने, हलके ठोका.

९. कुठवर चढत जायचं

१८७६ मध्ये जपानमध्ये तलवार बाळगायला बंदी झाली आणि तलवारी घडवणाऱ्या अनेकांची कामं गेली. त्यांतले काही सुतारांच्या हत्यारांकडे वळले. रंध्याच्या पात्यांसाठी सर्वात नावाजलेले चियोझुरु कोरेहिदे (१८७४–१९५७) अशाच तलवारी घडवणाऱ्या घराण्यातले. त्यांची पाती आज संग्राहक अफाट किमतीला घेतात. कोबेमधलं ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय १९८४ मध्ये सुरू झालं. जपानला जाणं झालंच तर ते चुकवू नका. चांगलं पातं आणि थोर पातं यांतला फरक डोळ्याने पाहिल्याशिवाय कळत नाही.

पण पैशाच्या हिशेबाने बोलायचं तर किंमत एका टप्प्यापर्यंत धारेची असते आणि त्यानंतर नावाची. दोन हजार येनांच्या पटाशीवरून आठ हजारांच्या पटाशीवर गेलात तर लाकडात फरक जाणवतो. आठ हजारांवरून पंचवीस हजारांवर गेलात तर फरक कमी आणि समाधान जास्त. पुढचा खर्च कलेवरच्या प्रेमाचा आहे. तो करावा, मीही करतो, कारण त्या लोहारांचं काम चालू राहावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यातले बरेच म्हातारे झाले आहेत आणि त्यांच्या मागे शिकायला फार थोडे आले. फक्त तो खर्च ‘काम चांगलं होईल’ या सबबीखाली करू नका.

१०. जुनी हत्यारं, आणि ती आणणं

कमी पैशात हातघडण हवी असेल तर जपानमधल्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइन लिलावांत निवृत्त सुतारांची हत्यारं सतत येतात. टोकियोत किंवा ओसाकात ओळखीचं कुणी नोकरीला असेल तर त्यांना सांगून ठेवा. फोटोत तीन गोष्टी पाहायला सांगा. कडक पोलाद अजून किती लांब शिल्लक आहे. पाठीची पोकळी शाबूत आहे का, की कुणी घासून सपाट करून टाकली आहे. आणि धारेमागच्या पट्टीवर गंजाचे खड्डे आहेत का. वरवरचा गंज, फुटलेली मूठ, हरवलेलं कडं यांची काळजी नको, ते सगळं दुरुस्त होतं. धारेमागे खड्डा असेल तर मात्र दर वेळी धारेत खाच पडते, अशी पटाशी सोडून द्या. विमानाने आणताना हत्यारं चेक-इन सामानात टाकायची, हातातल्या बॅगेत चालत नाहीत. कुरिअरने मागवत असाल तर सीमाशुल्क आणि टपालखर्च आधीच किमतीत धरा, कारण स्वस्त पटाशीवर ते पटाशीइतकेच पडू शकतात.

आणल्यावर पहिला शत्रू गंज. हे पोलाद अजिबात गंजरोधक नाही, आणि पावसाळ्यात एका रात्रीत बोटांचे ठसे पात्यावर उमटतात. धार लावून झाली की पातं कोरडं पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. जपानी लोक कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. आपल्याकडे शिलाई मशीनचं तेल तेवढंच चांगलं काम करतं. जवसाचं तेल पात्याला लावू नका, ते वाळून चिकट थर धरतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. सुती कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला डबा उघडून पाती एकदा पुसून घ्या.